आठवड्यातून एक-दोनदा

कात्रण वन्संनी टेबलावर ठेवलं तेव्हा मित्सुयोच्या हातात गरम पाण्याची किटली होती आणि ती ठेवायला जागा हवी म्हणून तिनं ते कोपरानं बाजूला सारलं. वन्संनी ते परत मधोमध आणलं, दोन बोटांनी घडी सपाट केली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "वाच की. मोठ्या अक्षरात आहे." मोठ्या अक्षरात होतंच. अंड्यांवरची मर्यादा उठली. खाली बारीक अक्षरात असं, की माणसानं दिवसाला अन्नातून किती कोलेस्टेरॉल पोटात घालावं याचा जो वरचा आकडा सरकार आजवर देत आलं होतं, तो या वर्षीपासून काढून टाकला आहे. अंडी खाणं आणि हृदयविकार यांचा थेट संबंध हजारो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या पाहणीत दिसलेला नाही. आपल्या मिकावा भागातल्या लोकांचाही त्या पाहणीत समावेश होता. पुढं "मात्र" असा शब्द होता आणि तिथं कागद संपला होता, कारण वन्संची कात्री तिथंच वळली होती. "बघ," वन्सं म्हणाल्या, "तुझा काही दोष नव्हता. आता सरकारच म्हणतंय. ओत चहा." आणि त्या शांतपणे आपण आणलेल्या मासळीच्या वड्यांच्या पुड्याचा दोरा सोडायला लागल्या.

वन्सं म्हणजे फुमिए, कात्सुजीची थोरली बहीण. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, जीभ शाबूत. कात्सुजी गेला ती तारीख सतरा, म्हणून दर महिन्याच्या सतराला त्या ट्रामनं शहराच्या त्या टोकाहून यायच्या, देव्हाऱ्यातल्या त्याच्या फोटोपुढं हात जोडायच्या, चहा घ्यायच्या आणि जाताना असं एखादं वाक्य सोडून जायच्या, की ते मित्सुयोला अठराला पुरायचं, एकोणिसाला पुरायचं, कधीकधी पंचवीस तारखेपर्यंत पुरायचं. आज त्यांनी ते आल्याआल्याच टाकलं. तुझा काही दोष नव्हता. मित्सुयोनं चहा ओतला. दोष दिला होता कुणी? सरकारनं दिला नव्हता. डॉक्टरनंही नाही. कात्सुजी न्हाव्याच्या खुर्चीत गेला, अर्धी दाढी झालेली, गळ्याला पांढरं फडकं, वय एकसष्ट. न्हाव्याला वाटलं डुलकी लागली, म्हणून त्यानं हलक्या हातानं उरलेली दाढी पुरी केली. डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढंच. पण दहनानंतरच्या जेवणात, सगळे काळ्या कपड्यांत गुडघे मुडपून बसलेले, भाताचे वाडगे हातात, तेव्हा वन्सं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, "रोज तीन अंडी. रोज. कुणाचं हृदय टिकेल?" चॉपस्टिक्स थांबल्या होत्या. कुणी मित्सुयोकडे बघितलं नाही, आणि ते न बघणं इतक्या व्यवस्थित, इतक्या एकजुटीनं झालं की त्याहून बघितलेलं परवडलं असतं. कात्सुजी दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा, त्या सिगारेटींचं नाव कुणी काढलं नाही, कारण सासरेही ओढायचे आणि ते नव्वदीपर्यंत जगले. त्या दिवसापासून मित्सुयोच्या घरात अंडं आलं नव्हतं. आणि आता, बारावं वर्ष चालू असताना, ज्या तोंडानं दोष दिला त्याच तोंडानं तो परत घेतला जात होता, वड्यांच्या पुड्याबरोबर, कात्रीनं कापून.

"काही बोलत नाहीस," वन्सं म्हणाल्या.

"काय बोलू?"

"बरं वाटलं असं म्हण. मला तर बाई रात्रभर बरं वाटत होतं."

मित्सुयोला बरं वाटत नव्हतं. त्या गेल्यावर तिनं कपबशा विसळल्या, एक कप दोनदा विसळला, आणि ओल्या हातानं कात्रण पुन्हा उचललं. हजारो लोकांच्या पाहणीत. मिकावा भागातल्या लोकांचाही. पाहणी म्हणजे तो फॉर्म. फिकट हिरवा, आठ पानांचा, प्रत्येक प्रश्नापुढं चौकोन. तीन वेळा आला होता तो या घरी, नव्वद साली, पंच्याण्णव साली आणि दोन हजार साली, आणि तिन्ही वेळा कात्सुजीचा फॉर्म भरला होता तिनंच, कारण तो कामावर असायचा, आणि घरात असला तरी काय खातो ते बायकोला विचारा म्हणायचा. मासे किती वेळा, लोणची किती वेळा, मिसोचं सार दिवसातून किती वाट्या. अंडी. जवळजवळ कधीच नाही, आठवड्यातून एक-दोनदा, आठवड्यातून तीन-चारदा, जवळजवळ रोज. तिनं दुसऱ्या चौकोनात खूण केली होती. तिन्ही वेळा. म्हणजे विद्यापीठातल्या त्या हुशार लोकांनी जेव्हा अंडी कमी खाणारे एकीकडे आणि जास्त खाणारे दुसरीकडे असे ढीग घातले, तेव्हा कात्सुजी हिकोसाका, ट्राम ड्रायव्हर, रोज तीन अंडी, तो कमी खाणाऱ्यांच्या ढिगात जाऊन बसला, आणि तिथं बसून मेला. बघा, कमी खाणारेही मरतात. तिची सुटका करणाऱ्या कागदाला तिच्याच खोट्याचा डिंक लावलेला होता. तिला हसू आलं नाही. असला वैताग आला की तिनं कात्रणाचा बोळा केला, मग तो उघडून परत सपाट केला, कारण पुढच्या सतराला वन्सं विचारणार, ठेवलंस का जपून.

खोटं का लिहिलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं आणि म्हणूनच ती इतकी वर्षं त्याच्या आजूबाजूनं फिरत आली होती. नव्वद साली कात्सुजी अठ्ठेचाळीसचा होता. आरोग्य केंद्राच्या तपासणीत त्याचा कोलेस्टेरॉलचा आकडा निघाला दोनशे बासष्ट. ओकुमुराबाई नावाच्या आरोग्यसेविका घरी आल्या, दारातल्या पायरीवर टेकल्या, गार जवाचा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, हिकोसाकाबाई, तुमच्या हातात आहे सगळं. आठवड्याला अंडी फार तर दोन. त्यांनी एक पत्रक दिलं, त्यावर हसरा कोबी आणि रडकं अंडं. मित्सुयोनं ते फ्रिजवर चिकटवलं. तीन आठवडे तिनं कोबी वाफवला, टोफू उकडला, मासा नुसता भाजला, डब्यात काळ्या सोयाबीनची उसळ बिनतेलाची. सकाळचा गरम भात आणि त्यावर फोडलेलं कच्चं अंडं, ज्यावाचून कात्सुजीनं वयाच्या सातव्या वर्षापासून दिवस सुरू केला नव्हता, ते बंद. तो काही बोलला नाही. ट्रामच्या ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी गाडीत असते, ती त्यानं घरातही लावल्यासारखी होती. वाफवलेला कोबी तो गिळायचा आणि म्हणायचा, छान आहे. तिला वाटायचं, जमतंय. तिला स्वतःचाही थोडा अभिमान वाटायला लागला होता. आणि मग एकविसाव्या दिवशी भाजीच्या दुकानात दुसऱ्या एका ड्रायव्हरची बायको तिला हसत म्हणाली, "तुमच्या हाताला काय चव आहे हो! आमचे रोज तुमच्या यजमानांचाच डबा खातात. ते देऊन टाकतात ना. बाहेर कुठंतरी जेवतात म्हणे." बाहेर कुठंतरी. हातात पातीचा कांदा धरून मित्सुयो उभी राहिली, आणि दुकानदारानं दोनदा विचारलं, अजून काही?

त्या संध्याकाळी तिनं विचारलं, कुठं जेवता? तो म्हणाला, "इकडेतिकडे." कुणाकडे? "इकडेतिकडेच गं." वर्तमानपत्राचं पान उलटलं. या 'इकडेतिकडे'ला तिनं पुढं पंचवीस वर्षं बाईचे चेहरे दिले. डेपोच्या मागं पाच खुर्च्यांच्या एक-दोन खाणावळी होत्या, चालवणाऱ्या बायका विधवा, ओठ रंगवलेल्या, दर गिऱ्हाइकाची आवड लक्षात ठेवणाऱ्या. त्यांतली एखादी. तिनं कधी जाऊन पाहिलं नाही. जाऊन पाहिलं असतं तर एकच चेहरा झाला असता. न पाहिल्यामुळं रोज नवा व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भाताचा मोठा वाडगा भरला, त्यावर एक अंडं फोडलं, दुसरं फोडलं, तिसरं फोडलं, सोया सॉसची बाटली उपडी केली, वाडगा त्याच्यापुढं आदळला आणि म्हणाली, "खा. खा आणि मरा एकदाचे." तिला तिचा आवाज अजून आठवत होता. तो ओरडलेला नव्हता. सपाट होता, बाजारातून काय आणू विचारावं तसा. कात्सुजीनं वाडग्याकडे पाहिलं, पिवळं भातात मुरेपर्यंत ढवळलं, सगळं खाल्लं, टोपी घातली आणि म्हणाला, "येतो." त्यानंतर तेरा वर्षं रोज सकाळी तीन अंडी. त्या सकाळबद्दल दोघंही पुन्हा बोलले नाहीत. पत्रक मात्र फ्रिजवरून कुणीतरी काढलं, तिनं काढलं नव्हतं. महिन्याभरानं ओकुमुराबाई हिरवा फॉर्म घेऊन आल्या, पायरीवर टेकल्या. अंडी? आणि मित्सुयो म्हणाली, "आठवड्यातून एक-दोनदा." दुसरं काय म्हणणार होती? रोज तीन, आणि ती मी घालते, आणि का घालते तेही लिहून घ्या?

लोक समजत होते, आणि वन्संही समजत होत्या, की बायकोच्या मायेनं घात केला. लाड केले नवऱ्याचे. तेवढाच आरोप असता तर तिनं तो हसत घेतला असता. आणि आता सरकार म्हणत होतं, अंड्यानं काही होत नाही. म्हणजे तिनं तेरा वर्षं जे चालवलं होतं तेही काही नव्हतं? नवऱ्याला मर म्हणायचं, रोज सकाळी वाडगा आदळायचा, आणि त्या सगळ्याचा परिणाम शून्य? तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि वाटत होतं ते अपमान झाल्यासारखं. हा विचार तिला इतका घाणेरडा वाटला की ती उठली आणि तिनं न्हाणीघराच्या फरशा घासायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी ती आरोग्य केंद्रात गेली. खिडकीमागं निशिवाकी नावाची पट्टी लावलेली तरुण मुलगी होती, हसरी, नखं छोटी कापलेली.

"दुरुस्ती करायची आहे," मित्सुयो म्हणाली.

"पत्त्यात का?"

"अंड्यांत."

मुलीनं हसू तसंच ठेवलं. मित्सुयोनं सगळं सांगितलं. म्हणजे सगळं नाही, फॉर्मचं सांगितलं. नव्वद, पंच्याण्णव, दोन हजार. एक-दोनदा लिहिलंय, ते खोडून रोज तीन असं करा.

"आजी, ते कागद इथं नसतात. विद्यापीठाकडे गेले. आणि त्यांवर नावंही नसतात. तुमच्या यजमानांचा कोणता, ते आता कुणालाच कळणार नाही."

"मी सांगतेय ना."

"हो, पण कोणत्या कागदावर लिहू?" मुलगी खरोखरच अडचणीत पडली होती. मग तिला काहीतरी आठवलं आणि ती उजळली. "पण तुम्ही नका वाईट वाटून घेऊ. एवढ्या हजारांत थोडे चुकतातच. चुका एकमेकींना मारून टाकतात, असं आम्हाला शिकवलंय. कुणी कमी लिहितं, कुणी जास्त."

"जास्त कोण लिहील?" मित्सुयो म्हणाली. आवाज चढला होता. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्यांनी वर पाहिलं. "ओकुमुराबाई समोर बसलेल्या असताना कोणती बायको सांगेल, की आमचे रोज तीन खातात, आणि ते खातच नसतील? सगळ्याजणी एकाच बाजूला खोटं बोलणार. मग कुठली चूक कुणाला मारते?"

मुलीनं पेन खाली ठेवलं. ती नुसती मान हलवत नव्हती, विचार करत होती, हे मित्सुयोला दिसलं आणि त्यामुळं आणखीच वैताग आला, कारण आता भांडायलाही कुणी उरलं नाही.

"बरं, ते जाऊ दे. अंड्यानं होतं की नाही होत? तेवढं सांग."

"तसं सिद्ध झालेलं नाही."

"म्हणजे नाही होत."

"तसंही सिद्ध झालेलं नाही. आकडा ठरवण्याइतका पुरावा नाही म्हणून आकडा काढला. पण ज्यांचं रक्तातलं मुळात वाढलेलं असतं त्यांनी जपावं असंच आहे. माणसागणिक वेगळं असतं ना, आजी. बातमीच्या शेवटी दिलं होतं."

"माझ्या बातमीला शेवट नाही," मित्सुयो म्हणाली आणि बाहेर आली. बाहेर ऊन होतं. एक माणूस सायकलला कुलूप लावत होता, ते लागत नव्हतं, तो पुन्हापुन्हा लावत होता. होतं असं नाही, होत नाही असं नाही. एवढी हजारो माणसं, पंचवीस वर्षं, विद्यापीठ, आणि शेवटी 'इकडेतिकडे'. कात्सुजी बोलायला बसला असता तर याहून वेगळं काय बोलला असता! ट्राम आली. घरचा थांबा आला तेव्हा तिच्या लक्षात होतं, पण ती उठली नाही. सतराची वाट बघवणार नव्हती तिला. वन्संना आजच सांगायला हवं होतं, की तुमचं कात्रण पोकळ आहे, ते माझ्या खोट्यावर उभं आहे आणि मला त्याचं सुख नको. शेवटच्या थांब्यावर, डेपोपाशी, ती उतरली. वन्संचं घर तिथून दोन गल्ल्यांवर.

वन्सं स्वयंपाकघरात मुळा किसत होत्या. आतल्या खोलीत त्यांचे यजमान, पंच्याऐंशीचे, मोठ्या आवाजात सुमोच्या कुस्त्या बघत होते. मित्सुयो बसली नाही. उभ्याउभ्या बोलली, फॉर्म, खूण, तीन वेळा. वन्संचा हात थांबला. तिला वाटलं होतं त्या म्हणतील, बघ, म्हणजे मी म्हणत होते तेच खरं. पण त्या पांढऱ्या पडल्या.

"कशाला गेलीस तिथं?" त्या म्हणाल्या. "सुखानं बसवत नाही तुला? एवढं छापून आलं होतं. चांगलं छापून आलं होतं."

"पण ते खरं नाही, वन्सं. निदान आपल्यापुरतं तरी कळायला मार्ग नाही."

"मग माझं काय?"

"तुमचं काय?"

वन्संनी किसणी खाली ठेवली. हात पुसले, पुसलेले परत पुसले. "त्या वेळी, तू त्याला गवत घालत होतीस तेव्हा," त्या म्हणाल्या, "तो इथं यायचा. दुपारच्या सुट्टीत. या इथं बसायचा, तू उभी आहेस तिथं. मी त्याला अंड्याची जाड पोळी करून द्यायचे. आईसारखी. पुढंही येत राहिला. रोज नाही, पण आठवड्यातून... येत राहिला. शेवटपर्यंत. आणि मी म्हणायचे, खा रे, ती मेली तुला उपाशी मारेल." त्यांचा आवाज बारीक झाला. "दहनानंतरच्या जेवणात मी ते बोलले ना, सगळ्यांदेखत. मी बोलले नसते तर मला वाटलं कुणीतरी मलाच म्हणेल."

पाच खुर्च्यांची खाणावळ, रंगवलेले ओठ, पंचवीस वर्षांचे सगळे चेहरे; त्या सगळ्यांच्या जागी हे स्वयंपाकघर, मुळ्याचा वास, आणि ही बाई, चष्मा घसरलेली. मित्सुयोला वाटलं होतं तिला काहीतरी प्रचंड वाटेल. तिनं विचारलं ते भलतंच. "पोळी कशी करायचात? मिठाची?"

"छे! साखर घालून. दोन चमचे. त्याला गोडच लागायची."

"त्यांना गोड अंडं चालत नाही," मित्सुयो म्हणाली. "लग्न झालं त्या वर्षी मी केली होती, माझ्या आईची पद्धत, साखर घालून. बाजूला सारली. गोड अंडं मला चालत नाही म्हणाले. मी पुन्हा कधी केली नाही."

आत कुस्ती जिंकल्याचा गलका झाला.

"वन्सं, मी त्यांना मरा म्हटलं होतं. त्या सकाळी, पहिल्यांदा तीन अंडी घातली तेव्हा. लाड नव्हते ते. खा आणि मरा एकदाचे, असं म्हटलं होतं."

वन्संनी चष्मा वर सरकवला. "मग?"

"मग काय?"

"मेला का त्या दिवशी? तेरा वर्षं नीट गाडी चालवली. मी ह्यांना साठ वर्षं रोज म्हणतेय," आणि त्यांनी आतल्या खोलीकडे मान उडवली, "बघ जा, कसे बसलेत." आणि तेवढ्यात आतून आवाज आला, "चहा झाला की नाही?" वन्सं ओरडल्या, "मरा तिकडं, होतोय!" आणि मग दोन्ही हातांनी तोंड झाकून त्या रडायला लागल्या, मुळ्याच्या हातांनी, त्यामुळं डोळे आणखी झोंबले. मित्सुयोनं रुमाल ओला करून दिला. चहाही तिनंच केला. दाराशी आल्यावर वन्सं म्हणाल्या, सतराला येऊ ना? मित्सुयो म्हणाली, "या. पण कागद आणू नका."

परतीच्या गाडीत पाच-सहाच माणसं होती. ती खिडकीशी बसली, पर्स मांडीवर घट्ट धरली आणि तिला कळलं, की आपल्याला संताप आलाय. वन्संवर नाही, सरकारवर नाही, त्या बिचाऱ्या निशिवाकीवर तर नाहीच. कात्सुजीवर. तो मेल्यापासून ती त्याच्यावर एकदाही रागावली नव्हती. ज्याला आपणच मारलं त्याच्यावर रागावणार कसं? रोज सकाळी फोटोपुढं ताजा भात ठेवायचा, मान खाली घालून बसायचं, त्याच्या नजरेला नजर द्यायची नाही. बारा वर्षं ती त्याच्यापुढं गुन्हेगारासारखी वागली होती आणि तो फोटोत टोपी घालून गप्प बसला होता, जिवंतपणी बसायचा तसाच. सख्ख्या बहिणीकडे जेवतो, एवढं सांगायला काय झालं होतं? बहिणीकडे गोड खायचं, घरी गोड चालत नाही म्हणायचं. कोबी छान म्हणायचं आणि डबा दुसऱ्याला द्यायचा. कुणाला दुखवायचं नाही म्हणून सगळ्यांना खोटं सांगत फिरायचं, आणि शेवटी न्हाव्याच्या खुर्चीत, कुणाला काही न सांगता. पोळी त्याला खरंच आवडायची की तीही नाही आवडायची, हेही आता कुणाला कळणार नव्हतं. बायको करते तेव्हा चालत नाही, बहीण करते तेव्हा चालतं, की बहिणीला नाही म्हणता येत नाही म्हणून चालतं? हातांत ताकद आल्यासारखी वाटली.

"अहो, तोंड उघडलं असतं तर काय ट्राम रुळांवरून घसरली असती?" ती म्हणाली.

शेजारच्या सीटवर पिशवीतून पातीच्या कांद्याची टोकं बाहेर आलेली एक बाई बसली होती. ती वळली. "मला काही म्हणालात?"

"तुम्हाला नाही," मित्सुयो म्हणाली. "नवऱ्याला बोलतेय. माफ करा हं, अजून बरंच आहे."